असेंबल्ड पीसीवर विंडोज ११ चं अपग्रेड : डिस्क कन्व्हर्ट होत नाही

दुपारचा_चहा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आता ११ वर जायचंय, पण फॉरमॅट न मारता. टॅलीसकट बरंच काही बसवलेलं आहे, ते सगळं नव्याने लावायची तयारी नाही.

कॉन्फिगरेशन: रायझन ५ ३६००, बी४५० चिपसेटचा बोर्ड, ८+८ जीबी डीडीआर४ ३२००, जीटीएक्स १६५०, ५०० जीबी साटा एसएसडी (यावर सी ड्राइव्ह), १ टीबी हार्ड डिस्क (डी आणि ई). विंडोज १० प्रो २२एच२.

हेल्थ चेक अ‍ॅप दोन गोष्टींवर अडतं: टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर बूट करू देणारी सोय). एमएसइन्फो३२ मध्ये बायोस मोड 'लेगसी' (जुन्या पद्धतीचं बूट) दिसतो. म्हणून एमबीआर२जीपीटी (डिस्कची जुनी एमबीआर मांडणी बदलून नवी जीपीटी करणारी विंडोजची कमांड) चालवलं तर 'डिस्क लेआउट व्हॅलिडेशन फेल्ड फॉर डिस्क १' म्हणून थांबतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क ० म्हणजे हार्ड डिस्क, त्यावर ५४९ एमबीचं 'सिस्टिम रिझर्व्ड' आणि मग डी, ई. डिस्क १ म्हणजे एसएसडी, त्यावर फक्त सी. एसएसडीवर तर एकच पार्टिशन आहे, मग लेआउट चुकतोय कुठे?

---

वाकडी_पिन

उत्तर तुमच्या शेवटच्या दोन ओळींतच आहे. सिस्टिम रिझर्व्ड हार्ड डिस्कवर आहे. विंडोज टाकताना दोन्ही डिस्क जोडलेल्या होत्या आणि बायोसच्या क्रमात हार्ड डिस्क पहिली होती, त्यामुळे सेटअपने बूटची फाइल तिकडे ठेवली आणि विंडोज इकडे. असेंबल्ड मशीनवर हे सर्रास सापडतं. विंडोज टाकताना बाकीच्या डिस्कच्या केबल काढून ठेवा असं जुने लोक सांगतात ते याचसाठी.

एमबीआर२जीपीटी ज्या डिस्कवर चालवायचं त्याच डिस्कवर 'अ‍ॅक्टिव्ह' सिस्टिम पार्टिशन आणि बीसीडी (बूटची नोंद) हवं. शिवाय तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन नकोत आणि एक्स्टेंडेड, लॉजिकल अजिबात नको. तुमची पहिलीच अट मोडतेय. तेव्हा आधी बूट एसएसडीवर आणायचं, मग कन्व्हर्ट.

कमांड इथे देवनागरीत देतोय, टाइप इंग्रजीत करायच्या. शंका आली तर एंटर दाबायच्या आधी विचारा.

आधी सी ड्राइव्हची इमेज बाहेरच्या डिस्कवर घ्या. नुसत्या डॉक्युमेंट्सची कॉपी नव्हे, पूर्ण इमेज. मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट:

डिस्कपार्ट
लिस्ट डिस्क
सिलेक्ट डिस्क १
लिस्ट पार्टिशन
सिलेक्ट पार्टिशन १
डिटेल पार्टिशन
अ‍ॅक्टिव्ह
एक्झिट

'डिटेल पार्टिशन' ही ओळ गाळू नका. तिथे अक्षर सी दिसलं तरच पुढचं 'अ‍ॅक्टिव्ह'. चुकीचं पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह झालं तर डेटा जात नाही, पण मशीन उठत नाही.

मग: बीसीडीबूट सी:\विंडोज /एस सी: /एफ बायोस

पीसी बंद करा, स्विच बंद करा, हार्ड डिस्कची साटा डेटा केबल काढा. बायोसमध्ये एसएसडी पहिली. विंडोज उठलं तर निम्मं काम झालं. 'बूट डिव्हाइस सापडलं नाही' असं आलं तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करून शिफ्ट+एफ१० दाबा आणि बूटसेक्ट /एनटी६० सी: /एमबीआर द्या. पेनड्राइव्हवरून उठल्यावर सी चं अक्षर बदललेलं असू शकतं, डीआयआर मारून आधी खात्री करा.

नंतर, हार्ड डिस्क अजून काढलेलीच असताना:

एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /अलाऊफुलओएस
एमबीआर२जीपीटी /कन्व्हर्ट /अलाऊफुलओएस

ते सी ड्राइव्हच आकसून ईएफआय पार्टिशनला जागा काढतं. कन्व्हर्ट झाल्यावर पुढचं बूट युईएफआयनेच (लेगसीच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीने) होणार, म्हणून रीस्टार्ट होताच सरळ बायोसमध्ये जा.

---

सोल्डरगन

बायोसमधला क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून वेगळा लिहितो. बऱ्याच बोर्डांवर सीएसएम (जुन्या लेगसी बूटला आधार देणारी सोय) चालू असेपर्यंत सिक्युअर बूटचा पर्याय दिसतच नाही किंवा राखाडी असतो. तेव्हा:

१. सीएसएम बंद. बूटच्या यादीत आता एसएसडीच्या नावाआधी 'विंडोज बूट मॅनेजर' दिसायला हवं, तेच पहिलं ठेवा. सेव्ह करून विंडोज उठतंय का बघा.

२. परत बायोसमध्ये. टीपीएम चालू करा: एएमडी बोर्डावर त्याचं नाव 'एफटीपीएम', इंटेलवर 'पीटीटी'. बोर्डागणिक जागा वेगळी: कुठे अ‍ॅडव्हान्स्डमध्ये, कुठे सिक्युरिटीत, कुठे ट्रस्टेड कॉम्प्युटिंग नावाखाली.

३. सिक्युअर बूट चालू. मोड 'सेटअप' दाखवत असेल तर 'फॅक्टरी कीज' किंवा 'डीफॉल्ट कीज' इन्स्टॉल करा, म्हणजे तो 'यूजर' होतो. ही पायरी राहिली की बायोसमध्ये 'एनेबल्ड' आणि विंडोजमध्ये 'ऑफ' असा घोळ दिसतो.

जुनं ग्राफिक्स कार्ड असलेल्यांसाठी: जीटीएक्स ६०० च्या काळातल्या काही कार्डांच्या व्हीबायोसमध्ये (कार्डाच्या स्वतःच्या बायोसमध्ये) युईएफआयचा भाग नसतो. सीएसएम बंद केलं की स्क्रीन काळी. बोर्ड बिघडला म्हणून घाबरू नका, सीमॉस क्लिअर करा (बायोसच्या सेटिंग्ज मूळ स्थितीला आणा), सीएसएम परत येतं. मग कार्डाच्या कंपनीकडे व्हीबायोसचं अपडेट आहे का बघा. १६५० ला ही अडचण नाही.

आणि एफटीपीएमला हात लावण्याआधी मॅनेज-बीडीई -स्टेटस बघा. बिटलॉकर (डिस्कचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर आधी सस्पेंड करा. बायोस अपडेटमध्येही एफटीपीएम रीसेट होऊ शकतं आणि मग ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ते खातं कोणाच्या नावाचं, हे आठवायची वेळ तेव्हा येऊ नये.

---

नीलमोहर

बारीकशी दुरुस्ती. विंडोज ११ ला सिक्युअर बूट *चालू* असायची अट नाही, मशीनला ते जमायला हवं इतकंच. म्हणजे युईएफआय, जीपीटी आणि टीपीएम २.० झालं की अपग्रेड अडत नाही. तरी चालू करा, काही गेम्सचे अँटीचीट त्याशिवाय चालत नाहीत.

---

दुपारचा_चहा

हार्ड डिस्क काढून सगळं तसंच केलं. व्हॅलिडेट पहिल्या फटक्यात पास, कन्व्हर्ट झालं, बायोस मोड 'युईएफआय' दिसतोय. हार्ड डिस्क परत जोडली, डी आणि ई जागेवर आहेत. हेल्थ चेकमध्ये सगळं हिरवं.

आता पुढचा अडथळा. विंडोज ११ ची आयएसओ (इन्स्टॉलेशनची इमेज फाइल) माउंट करून सेटअप चालवला. पहिला रीस्टार्ट होतो, टक्के वाढत जातात, आणखी एक रीस्टार्ट, मग 'अनडूइंग चेंजेस' म्हणत विंडोज १० परत. कोड: ०एक्ससी१९००१०१ - ०एक्स३००१८.

---

एसएमपीएस_काका

सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन फोल्डर (विंडोज अपडेट उतरवलेल्या फाइल इथे ठेवतं) उडवा. वूऑसर्व्ह, बिट्स, क्रिप्टएसव्हीसी थांबवा, फोल्डरचं नाव बदला, कॅटरूट२ चंही बदला, सर्व्हिस चालू करा. अपडेटच्या ९० टक्के भानगडी त्यातच मिटतात.

---

वाकडी_पिन

काका, त्या उपायाला नावं ठेवत नाही, पण तो डाउनलोड अडकलं तर. अपडेट शून्यावर बसलंय, किंवा त्याच त्या फाइलवर हॅश (फाइल शाबूत आहे का ते सांगणारा आकडा) जुळत नाही, तेव्हा जरूर करावा. इथे आयएसओवरून सेटअप चाललाय, पहिल्या रीस्टार्टच्या पुढे गेलाय. सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशनचा संबंध केव्हाच संपला.

कोडचे दोन तुकडे वेगळे वाचायचे. ०एक्ससी१९००१०१ म्हणजे ढोबळमानाने 'ड्रायव्हरने घात केला, मागे फिरलो'. खरी माहिती दुसऱ्या तुकड्यात. पहिला अंक टप्पा सांगतो: १ म्हणजे जुन्या विंडोजमध्येच, २ म्हणजे सेफ ओएस (विंडोज पीई), ३ म्हणजे नव्या विंडोजचं पहिलं बूट, ४ म्हणजे दुसरं बूट. शेवटचे दोन अंक कोणतं काम चालू होतं ते: १७ बूट, १८ सिसप्रेप (नवं विंडोज या मशीनसाठी तयार करणं), ०डी डेटा हलवणं.

म्हणून २००१७ आलं तर बायोस, डिस्क कंट्रोलर, रॅम यांच्याकडे बघायचं, कारण तुमचे ड्रायव्हर अजून फारसे आलेलेच नसतात. ४०००डी आलं तर बहुधा यूजर प्रोफाइल किंवा अँटीव्हायरस. तुमचं ३००१८: नवं विंडोज उठलं, हार्डवेअर ओळखायला लागलं आणि एखाद्या ड्रायव्हरने उत्तर देणं बंद केलं.

कोणता ड्रायव्हर, त्याचा अंदाज बांधायची गरज नाही. सेटअप फसला की सेटअपडायग (का फसलं ते शोधणारं साधन) आपोआप चालतं. निकाल इथे: सी:\विंडोज\लॉग्स\सेटअपडायग\सेटअपडायगरिझल्ट्स.एक्सएमएल. नोटपॅडमध्ये उघडा. तिथे 'नो मॅच' असेल तर सी:\$विंडोज.~बीटी\सोर्सेस\रोलबॅक मध्ये जा (हिडन फाइल्स दाखवा) आणि सेटअपएपीआय.डेव्ह.लॉग शेवटाकडून वर वाचत या. ज्या ड्रायव्हरचा विभाग सुरू झालाय पण 'एक्झिट स्टेटस' ची ओळ नाही, तो तुमचा माणूस. त्यात ओईएम आणि आकडा अशी आयएनएफ फाइल दिसेल.

मग: पीएनपीयुटिल /एनम-ड्रायव्हर्स > सी:\यादी.टीएक्सटी
त्या आकड्याचं मूळ नाव आणि कंपनी यादीत जुळवा, आणि
पीएनपीयुटिल /डिलीट-ड्रायव्हर ओईएम४२.आयएनएफ /अनइन्स्टॉल
(४२ च्या जागी तुमचा आकडा.)

ग्राफिक्स आणि चिपसेट काढायची घाई नको. असेंबल्ड पीसीत गुन्हेगार बहुतेक वेळा किरकोळ असतात: बोर्डासोबत आलेलं लाइटिंगचं किंवा पंख्याचा वेग बदलणारं सॉफ्टवेअर, जुना यूएसबी वायफाय डाँगल, व्हर्च्युअल ऑडिओ केबल, कधीकाळी काढून टाकलेल्या अँटीव्हायरसचा मागे राहिलेला फिल्टर ड्रायव्हर.

पुन्हा सेटअप चालवताना कीबोर्ड, माउस आणि एक मॉनिटर सोडून सगळं उपसा. प्रिंटर, वेबकॅम, कार्ड रीडर, दुसरी हार्ड डिस्क, सगळं. सेटअपच्या पहिल्या स्क्रीनवर अपडेट डाउनलोडची पद्धत बदलायची बारीक लिंक असते, तिथे 'नॉट राइट नाऊ' निवडा आणि इंटरनेट काढा, म्हणजे सेटअप मध्येच स्वतःच्या मनाने ड्रायव्हर ओढणार नाही.

---

सोल्डरगन

यात रॅमची भर घालतो, कारण लॉगमध्ये ती कधीच नावानिशी येत नाही.

अपडेट म्हणजे कित्येक जीबीची दाबून भरलेली फाइल उलगडणं आणि प्रत्येक तुकड्याचा हॅश तपासणं. ब्राउझर, टॅली, सिनेमा यांत एखादा बिट उलटला तर कळतही नाही. इथे कळतं. ०एक्स८००७०५७० (फाइल करप्ट), ०एक्स८००७०००डी (डेटा अवैध), ०एक्स८००७३७१२ (कंपोनंट स्टोअर बिघडलं) हे कोड आलटून पालटून येत असतील तर विंडोजवर संशय घेण्याआधी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पट्टीवर लिहिलेल्या वेगाने चालवणारं सेटिंग) बंद करा. डीडीआर५ वाल्यांनी एएमडीवर एक्स्पो. डीडीआर४ मग २१३३ किंवा २६६६ वर चालेल, डीडीआर५ साधारण ४८०० वर. वेग गेला तर जाऊ दे, अपडेट होईपर्यंतच.

'३२०० लिहिलंय म्हणजे ३२०० चालणारच' असं नसतं. तो आकडा रॅमच्या पट्टीचा. प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर आणि बोर्ड यांनी तो झेपवायचा असतो, आणि चारही स्लॉट भरले की आणखी अवघड होतं.

ओळखायची सोपी खूण: आधी डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ, मग एसएफसी /स्कॅननाउ (दोन्ही विंडोजच्या फाइल तपासून दुरुस्त करतात). एसएफसी लागोपाठ चालवा. दर वेळी *वेगळ्याच* फाइल बिघडलेल्या दाखवत असेल तर फाइल बिघडलेल्या नाहीत, वाचणारा बिघडलाय. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून लावून चार पास रात्रभर चालू द्या. एकही चूक म्हणजे नापास, 'एकच तर आलीय' ही सबब चालत नाही.

रॅम स्वच्छ निघाली तर एसएसडीचा स्मार्ट रिपोर्ट (ड्राइव्हने स्वतः नोंदलेली तब्येत) बघा. साटा ड्राइव्हवर सी७ क्रमांकाचा 'सीआरसी एरर काउंट' वाढत असेल तर ड्राइव्ह ठणठणीत असून केबल खराब असते. केबल मिळते किरकोळ पैशात.

१३ व्या आणि १४ व्या पिढीचा इंटेल आय७/आय९ असेल तर आधी बोर्डाचं बायोस अद्ययावत करा. त्या प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं आणि मायक्रोकोडची दुरुस्ती बायोसमधून दिली. फाइल उलगडताना येणाऱ्या चुका हेच त्याचं ठळक लक्षण. आधीच झिजलेला प्रोसेसर मात्र नव्या बायोसने बरा होत नाही, तो वॉरंटीतच द्यावा लागतो.

---

दुपारचा_चहा

सेटअपडायगमध्ये काही नव्हतं. सेटअपएपीआयच्या लॉगमध्ये शेवटचा अर्धवट विभाग बोर्डासोबतच्या लाइटिंग सॉफ्टवेअरच्या ड्रायव्हरचा निघाला. सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केलेलं होतं, ड्रायव्हर मात्र तसाच होता. पीएनपीयुटिलने काढला, एक्सएमपी बंद केलं, सगळं उपसलं.

पण आता सेटअपमध्ये 'फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवा' हा पर्यायच राखाडी दिसतोय! आधीच्या वेळी होता. मधल्या काळात आयएसओ पुन्हा उतरवली, एवढाच बदल.

---

नीलमोहर

भाषा बघा. आयएसओ उतरवताना यादीत 'इंग्लिश युनायटेड स्टेट्स' आणि 'इंग्लिश इंटरनॅशनल' असे दोन पर्याय असतात. बसवलेलं विंडोज यातल्या ज्या भाषेचं, आयएसओ त्याच भाषेची हवी, नाहीतर अ‍ॅप्स ठेवता येत नाहीत. सेटिंग्जमध्ये 'इंग्लिश इंडिया' दिसतं त्यावर जाऊ नका, तो तारखा-रुपयांचा फॉरमॅट असतो. खरी भाषा अशी कळते:

डिझम /ऑनलाइन /गेट-इंटल

'डीफॉल्ट सिस्टिम यूआय लँग्वेज' समोर ईएन-यूएस असेल तर युनायटेड स्टेट्स, ईएन-जीबी असेल तर इंटरनॅशनल. होम-प्रो चा मेळही बसायला हवा.

---

दुपारचा_चहा

ईएन-जीबी निघालं, आणि दुसऱ्यांदा मी युनायटेड स्टेट्सची उतरवली होती. इंटरनॅशनलच्या आयएसओने अपग्रेड पूर्ण झालं. टॅली उघडतंय. मंडळींचे आभार.

---

एसएमपीएस_काका

अभिनंदन. आता लगेच डिस्क क्लीनअप करू नका. विंडोज.ओल्ड फोल्डर आहे तोवरच १० वर परत जाता येतं, आणि मुदत १० दिवसांची. ती वाढवता येते, पण १० दिवसांच्या आतच: डिझम /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:६०. बायोसमध्ये मात्र सीएसएम परत चालू करू नका, डिस्क आता जीपीटी आहे.

जे अजून करणार आहेत त्यांनी यूपीएसची बॅटरी आधी तपासा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. अपडेट चालू असताना ग्राफिक्स कार्ड निवांत असतं, त्यामुळे तेवढा पुरतो. पण तीन वर्षं जुनी बॅटरी लाइट गेल्यावर दोन मिनिटंही धरत नाही, आणि बायोस फ्लॅश करताना दोन मिनिटं फार मोठी असतात.

---

कोपऱ्यातला_राउटर

याच धाग्यात विचारतो. माझा आय७ ७७०० विंडोज ११ च्या यादीत नाही, म्हणून १० वरच आहे. केबी५०३४४४१ (रिकव्हरी पार्टिशनशी संबंधित विंडोजचं अपडेट) काही केल्या बसत नव्हतं, ०एक्स८००७०६४३. आता ते यादीतून गेलंय, पण रिकव्हरी पार्टिशन छोटं आहे म्हणतात ते दुरुस्त करावं का?

---

वाकडी_पिन

करावं. जानेवारी २०२४ च्या त्या अपडेटला रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि एरर कोड मात्र भलताच येत होता. अपडेट गेलं तरी छोटं पार्टिशन आहे तिथेच आहे.

रीएजंटसी /इन्फो: कोणती डिस्क, कोणतं पार्टिशन ते लिहून घ्या.
रीएजंटसी /डिसेबल
आता सी:\विंडोज\सिस्टिम३२\रिकव्हरी मध्ये विनआरई.विम (रिकव्हरीची मुख्य फाइल) आली का बघा (डीआयआर /ए). नसेल तर इथेच थांबा, पुढे पार्टिशन उडवलं की ती फाइलही गेली.

डिस्कपार्ट, डिस्क निवडा, सी चं पार्टिशन निवडा:
श्रिंक डिझायर्ड=२५० मिनिमम=२५०
रिकव्हरीचं पार्टिशन निवडा:
डिलीट पार्टिशन ओव्हरराइड
क्रिएट पार्टिशन प्रायमरी आयडी=डीई९४बीबीए४-०६डी१-४डी४०-ए१६ए-बीएफडी५०१७९डी६एसी
जीपीटी अ‍ॅट्रिब्यूट्स=०एक्स८००००००००००००००१ (८ आणि १ च्या मध्ये १४ शून्यं, मोजून)
फॉरमॅट क्विक एफएस=एनटीएफएस लेबल="विंडोज आरई टूल्स"
एक्झिट
रीएजंटसी /एनेबल

एमबीआर डिस्क असेल तर क्रिएटमध्ये आयडी=२७ आणि जीपीटीची ओळ गाळायची.

हे सगळं रिकव्हरी पार्टिशन सी च्या *लगेच उजवीकडे* असेल तरच. मध्ये डी असेल, किंवा रिकव्हरी सी च्या डावीकडे असेल, तर श्रिंक केलेली जागा त्याला मिळत नाही. तेव्हा जुनं राहू द्या आणि सी च्या उजवीकडच्या मोकळ्या जागेत नवं करा. त्यासाठी श्रिंक २५० नव्हे, १००० करा.

७७०० साठी १० वर राहायचं तर ईएसयू (सपोर्ट संपल्यानंतरच्या सुरक्षा अपडेटची योजना) घ्या, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे सुरक्षा अपडेट मिळतात. २२एच२ असणं बंधनकारक. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर 'एन्रोल' ची लिंक येते.

---

कोपऱ्यातला_राउटर

रिकव्हरी सी च्या उजवीकडेच आहे, जीपीटी. पण श्रिंक करताना 'जागा पुरेशी नाही' म्हणतंय. सी वर तर ४० जीबी मोकळे आहेत.

---

वाकडी_पिन

सी च्या शेवटाला न हलणारी फाइल बसलीय: पेजफाइल, हायबरफाइल किंवा रिस्टोअर पॉइंट. पॉवरसीएफजी /एच ऑफ करा, पेजफाइल तात्पुरती 'नो पेजिंग फाइल', सिस्टिम प्रोटेक्शन बंद, रीस्टार्ट, मग श्रिंक. झालं की तिन्ही परत चालू करा आणि शेवटी रीएजंटसी /इन्फो मध्ये 'एनेबल्ड' दिसतंय का ते इथे कळवा.